यादीतली एकशे पंधरावी वस्तू

घरातल्या माणसांनी एखादी गोष्ट चांगल्या हेतूने करायची ठरवली की तिला विरोध करणे फार कठीण होऊन बसते. वाईट हेतूशी उघड भांडता येते. चांगल्या हेतूपुढे मात्र माणूस आधी मनातल्या मनात ओशाळतो आणि मग बोलायला तोंड उघडतो, तोवर सभा पुढच्या विषयावर गेलेली असते. टाचणीमावशींचे गेले अकरा आठवडे असे ओशाळण्यात गेले होते. स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचे नुसते नाव काढले तरी त्यांच्या कपाळाची शीर उडू लागे. काम अजून सुरूही झाले नव्हते. चालू होते ते फक्त नियोजन.

टाचणीमावशी हे नाव त्यांना दुकानात पडलेले. त्यांचे कपडे दुरुस्तीचे दुकान होते, म्हणजे दोन दुकानांच्या मधल्या बोळाला दार बसवून केलेली एक अरुंद खोली. नवे कपडे त्या शिवत नसत. लांब पँट आखूड करायची, आवळलेली कंबर सैल करायची, थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगावर बसवायचा, हेच काम गेली एकोणतीस वर्षे. ओठांत चार-पाच टाचण्या धरून त्या गिऱ्हाइकाशी बोलत आणि त्यातली एकही कधी खाली पडत नसे. "फेकायच्या आधी मला दाखवा," असे त्यांनी दारावरच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले होते. त्यात पर्यावरणाचा विचार असेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. चांगला कपडा फेकणे हा त्यांच्या लेखी सरळसरळ उर्मटपणा होता.

त्यांच्या लेकीला मात्र पर्यावरण हा शब्द चांगला ठाऊक होता. मोठमोठ्या कचेऱ्यांना कचरा कमी कसा करावा याचा सल्ला देणाऱ्या संस्थेत ती नोकरीला होती. मुलगी हुशार, कामाला वाघ आणि मनाने स्वच्छ. दोष एवढाच की दिवसभर दुसऱ्यांना सल्ला देऊन ती घरी येई तेव्हा तिच्याकडे थोडा सल्ला शिल्लक उरलेला असे.

तिसऱ्या मजल्यावरचे त्यांचे स्वयंपाकघर नऊ फूट लांब आणि सात फूट रुंद होते. एका भिंतीला लागून काळ्या दगडाचा अखंड ओटा, विटांच्या तीन पायांवर टेकवलेला, जमिनीपासून छत्तीस इंच उंच. तो मावशींच्या सासूबाईंनी स्वतः उभे राहून बांधून घेतला होता, आणि सासूबाई होत्या पाच फूट आठ इंच. घरात सगळेच ताडमाड. नवरा तसा, पुढे लेकही तशीच निघाली. मावशी तेवढ्या चार फूट दहा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी पाहिले की सून टाचा उचलून कढईत डोकावते आहे. त्यांनी कुठूनशी खोक्याची एक जाड फळी आणली, तिला खालून दोन पट्ट्या ठोकल्या आणि शेगडीपुढे ठेवली. "हिच्यावर उभी राहा," त्या म्हणाल्या. "ओटा काही तुझ्यासाठी खाली यायचा नाही. तूच वर ये." बोलण्यात माया होती, यात शंका नाही. पण त्या मायेत एक निकालही होता, आणि त्यावर अपील करायचे असते हे नव्या सुनेला कुणी सांगितले नव्हते.

सासूबाई जाऊन अठरा वर्षे झाली. ओटा तिथेच राहिला.

गेल्या वर्षभरात मावशींचा उजवा खांदा धरू लागला होता. सकाळी केसांत फणी फिरवताना हात कानाच्या वर जाईना. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी हात वर-खाली करून पाहिला आणि विचारले, "घरी हात उचलून धरून काय काम करता?"

"घरी? काही नाही. स्वयंपाक."

"ओटा केवढा आहे?"

"आहे जरा उंच."

"मग तो आधी खाली घ्या. खांदा असा दुखवत राहिलात तर सहा महिन्यांनी कात्री धरता येणार नाही."

ही कात्री मावशींचे सर्वस्व होती. म्हणून लेकीने जेवताना स्वयंपाकघर नवे करण्याचा विषय काढला तेव्हा मावशींना देव पावल्यासारखे झाले. त्यांनी एकच मागणे मागितले. "तुम्हाला काय हिरवं करायचंय ते करा. माझा ओटा तेवढा चार बोटं खाली घ्या."

"होईल ना आई, सगळं होईल," लेक म्हणाली. "पण आधी नीट नियोजन करू. घाईत केलं की माणसं तोडफोड करतात."

आणि मग नियोजन सुरू झाले.

लेकीने पहिल्याच रविवारी दोन नियम घालून दिले. घरातली एकही वस्तू कचऱ्यात जाणार नाही, हा पहिला. नवे सामान शक्यतो आणायचे नाही, जुन्यातूनच जमवायचे, हा दुसरा. दोन्ही नियम योग्य होते आणि मावशींनी मान डोलावली, कारण दुकानात त्या स्वतः दुसरे काय करत होत्या? काकांनी, म्हणजे मावशींच्या नवऱ्याने, यादी करण्याचे काम अंगावर घेतले. काका पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होते. लोकांच्या घरातली चोरून घेतलेली जोडणी शोधून काढण्यात त्यांनी सत्तावीस वर्षे घालवली होती, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या नजरेला काम उरले नव्हते. त्यांनी गुडघे टेकून, बॅटरी लावून स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला. वस्तू एकशे चौदा भरल्या. प्रत्येकीपुढे तीन रकाने: 'राहील', 'बदलेल', 'जाईल'. यादी शीतकपाटाच्या दारावर चिकटवण्यात आली.

पहिल्या क्रमांकावर ओटा. रकाना 'राहील'.

"अहो, मी काय सांगितलं होतं?" मावशी म्हणाल्या.

"राहील म्हणजे दगड राहील, असं लिहिलंय."

"मग खाली कधी येणार?"

"तो तपशिलाचा भाग झाला," काका म्हणाले. "यादीत तपशील नसतो."

लेकीने समजावून सांगितले. "आई, दगड खाणीतून येतो. एकदा फुटला की संपला. हा हलवताना तडा गेला तर नवा आणावा लागेल, म्हणजे मुळावरच घाव. आपण हे सगळं करतोय कशासाठी?"

"अगं, मी दगडाला खाणीत परत पाठव म्हटलं का? चार बोटं खाली घे म्हटलं."

"बरं, डिझायनर येऊ दे. ती माप घेईल आणि मग शास्त्रशुद्ध ठरवू."

'शास्त्रशुद्ध' हा शब्द घरात आला की मावशींना कळे की आता आपले ऐकले जाणार नाही.

डिझायनर ही लेकीची मैत्रीण होती. कागदापेक्षा माणूस महत्त्वाचा असे मानणारी, आणि हे ती मोकळेपणाने सांगतही असे. ती सकाळी साडेनऊला आली. मावशी शेगडीपुढे कांदा परतत होत्या.

"मावशी, कोपराचं माप घ्यायचंय. बाहेर येता का जरा?"

"आत्ता? कांदा करपेल."

"मग हलू नका. उलट बरंच आहे, कामात असतानाचं माप जास्त खरं येतं." तिने मावशींचा हात कोपरात वाकवला आणि टेपचे एक टोक तिथे धरून दुसरे मावशींच्या टाचेपर्यंत सोडले. "चाळीस." मग खिडकीकडच्या टोकाला जाऊन तिने ओट्याची उंची जमिनीपासून मोजली. "छत्तीस." आणि ती इतकी खूश झाली की मावशींनी झारा हातातच धरून मागे वळून पाहिले. "मावशी! ओटा कोपरापासून चार इंच खाली असावा असं आमच्या पुस्तकात आहे. तुमचा नेमका चार इंच खाली आहे! काही करायलाच नको!"

"पण मला तो उंच पडतो."

"सवयीचा भाग असतो तो."

"आई," लेक दारातून म्हणाली, "तूच दुकानात सांगतेस ना, माप खोटं बोलत नाही म्हणून?"

मावशी सांगत होत्या खऱ्या. दुकानात रोज दहा वेळा सांगत होत्या. त्या कांद्याकडे वळल्या. तो करपलाच होता.

त्यानंतरचे आठवडे म्हणजे बारीक बारीक गोष्टींवरच्या मोठमोठ्या सभा. जुन्या कपाटांची दारे तासून ट्रॉल्यांना लावायची की फळ्यांना? नळाची धार किती बारीक असावी? काकांनी भांडी धुण्याच्या पाण्याचा आठवडाभर तक्ता ठेवला. मावशींनी पातेले विसळले की बाहेरून आवाज येई, "किती वेळ सोडला होतास?" एकदा मावशींनी नळाखाली हात धरून नुसतेच उत्तर दिले, "मोजा!" आणि काकांनी खरोखरच मोजले. पत्र्याचा डबा क्रमांक सत्तेचाळीस 'राहील' की 'बदलेल' यावर बापलेकींचे दोन संध्याकाळी बोलणे बंद होते. डब्याला विचारले असते तर तो आपण होऊन उठून गेला असता, असे मावशींच्या मनात आले.

आणि या सगळ्यात त्यांचा खांदा दुखतच होता. शेगडीपुढे कमी, पण चिरायला आणि धुवायला त्या ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या की दोन्ही खांदे आपोआप कानाकडे चढत. तिथून पुन्हा शेगडीकडे, पुन्हा तिकडे. एका स्वयंपाकात किती फेऱ्या होत कोण जाणे. हे त्यांनी सभेत सांगून पाहिले. काकांनी त्यांच्या चपला बदलून पाहाव्यात असे सुचवले.

दहाव्या आठवड्यात खतपेटी आली. ओल्या कचऱ्याचे घरीच खत व्हावे म्हणून लेकीने ती शोधून शोधून मागवली होती; दुसऱ्या एका कुटुंबाने वापरलेली, तीन कप्प्यांची, तेहतीस इंच उंच. ती ओट्याखाली सरकवली तेव्हा वर दोन बोटे जागा उरली. लेकीने टाळी वाजवली. "बघ आई, जणू मापाने शिवल्यासारखी!"

मावशींनी पेटीकडे पाहिले. आता घरात ओट्याच्या मापात न बसणाऱ्या एकट्या त्याच उरल्या होत्या.

येत्या रविवारी अंतिम आराखड्यावर सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या. मावशींच्या नावापुढे डिझायनरने 'मुख्य वापरकर्ती' असे लिहिले होते. मिस्त्रीलाही बोलावले होते.

शुक्रवारी दुकानात एक कारकून तणतणत आला. आठवड्यापूर्वी पँट आखूड करून नेली होती, ती त्याने घातलेलीच होती आणि तिची कड जमिनीवर लोळत होती. "मावशी, याला आखूड केली म्हणतात का? सगळ्या कचेरीचा केर काढत फिरतोय मी!"

मावशींनी टाचण्या ओठांत घेतल्या आणि खाली बसल्या. पँटकडे त्यांनी पाहिलेच नाही. त्याच्या पायांकडे पाहिले. पायांत चपट्या चपला होत्या.

"त्या दिवशी काय होतं पायांत?"

"त्या दिवशी? बूट. जाड तळाचे."

"मी विचारलं होतं का, हेच घालणार ना म्हणून?"

"विचारलं होतंत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

"मग पँट कशाला बदनाम करता? पँट बरोबर आहे, तुम्ही खाली उतरलात! माप कोपरात किंवा कमरेत नसतं, साहेब. ते पायाखालून सुरू होतं. पायाखाली काय आहे ते आधी बघायचं, नाहीतर..."

त्या बोलायच्या थांबल्या. कारकून वाट पाहत राहिला. मावशींनी ओठांतली एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली; सगळ्या संपल्या तरी त्या तशाच बसून होत्या.

"काय झालं मावशी?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "मी पण उतरले."

दुकानाचे दार ओढून त्या भरदुपारी घरी आल्या. घरात कुणी नव्हते. शेगडीपुढे फळी होती. एकतीस वर्षांत तिच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, रंग फरशीच्या रंगात मिसळला होता, आणि मधोमध पावलांचे दोन खोलगट डाग पडले होते. त्यांनी गळ्यातला टेप काढला. फळी: चार इंच. फळीवरून उतरून कोपर: छत्तीस. ओटा: छत्तीस. कोपराची आणि दगडाची उंची तंतोतंत एक. शेगडीपुढचे चोवीस इंच सोडले तर उरलेल्या साऱ्या ओट्यापुढे त्या एकतीस वर्षे हात खुंटीला टांगल्यासारखे धरून काम करत होत्या, आणि चोवीस इंचांच्या त्या बेटावर दिवसातून शंभरदा चढत-उतरत होत्या.

डिझायनरचा राग त्यांना आलाच, पण त्याहून मोठा राग आला तो स्वतःचा. चार फूट दहा इंचांच्या बाईचे कोपर चाळीसवर? असला आकडा गिऱ्हाइकाने सांगितला असता तर त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवले असते. आणि इथे स्वतःच्या देहाचा आकडा त्यांनी मान खाली घालून मान्य केला होता. ज्याच्यावर उभे राहून जगाशी जमवून घेतले ते माणसाला हळूहळू दिसेनासे होते. पुढे तो त्यालाच आपली उंची समजू लागतो. सासूबाईंनी फळी दिली होती, हे खरे. पण ती नजरेआड होऊ देण्यात मावशींचाही हात होता.

मग त्या यादीकडे वळल्या. क्रमांक एकसष्ट: उंदराचा पिंजरा, गंजलेला. क्रमांक अठ्ठ्याऐंशी: कुलूप, किल्ली नसलेले. क्रमांक एकशे तीन: खिळा, वाकडा, उपयोग अज्ञात. त्यांनी बोट ठेवत ठेवत एकशे चौदा ओळी दोनदा वाचल्या. फळी नव्हती. पाताळातली चोरटी नळी शोधणाऱ्या माणसाने या फरशीवर गुडघे टेकून, बॅटरी लावून वाकडा खिळा शोधला होता, आणि बहुधा फळीवरच गुडघा टेकून शोधला होता.

मावशी त्या संध्याकाळी कुणाशीही बोलल्या नाहीत. काकांनी विचारले, "बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "रविवारी सांगते."

रविवारी सगळे जमले. आराखडा ओट्यावर पसरला होता, त्याच्या कोपऱ्यांवर क्रमांक असलेले चार डबे. मिस्त्री दाराला टेकून उभा होता. डिझायनरने पेन पुढे केला.

"सही करते," मावशी म्हणाल्या. "आधी माझं माप परत घ्या."

"माप आहे ना मावशी. चाळीस."

"मी दुकानात दोनदा घेते. एकदा माणसाचं, एकदा माझ्या खात्रीसाठी."

डिझायनरने हसून टेप काढला. मावशी नेहमीच्या जागी शेगडीपुढे गेल्या आणि पाऊल लावून त्यांनी फळी बाजूला सारली. फळी फरशीवर घासत भिंतीशी जाऊन थडकली. मग त्या उभ्या राहिल्या आणि हात कोपरात वाकवला. हात सरळ आराखड्यावर टेकला.

"घ्या आता."

टेप खाली गेला. डिझायनरने आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि मग मोठ्याने म्हणाली, "छत्तीस."

"गेल्या वेळी मी चार इंच उंच होते," मावशी म्हणाल्या.

मिस्त्री एकदम खोकल्यासारखा हसला. "काखेत कळसा म्हणतात ना बाई, तसं झालं. फक्त इथं पायाखाली होता."

काका भिंतीशी पडलेल्या फळीकडे पाहत होते. त्यांनी अगदी प्रामाणिक आश्चर्याने विचारले, "ही कधीपासून आहे इथं?"

मावशींनी इतक्या आठवड्यांत एकदाही आवाज चढवला नव्हता. तो आता चढला. "कधीपासून? एकतीस वर्षं! रोज सकाळी चहा करताना तुम्ही पायानं ती बाजूला ढकलता आणि रोज सकाळी मी ती परत ओढते! अकरा हजार वेळा ढकलली असेल! पातेलं विसळायला किती पाणी लागतं ते तुम्हाला ठाऊक, आणि बायको कशावर उभी आहे ते ठाऊक नाही?"

"मी ढकलतो?" काका म्हणाले. "मी?"

"बाबा, तुम्ही ढकलता," लेक हळूच म्हणाली. "मला आत्ता आठवलं. लहानपणी माझी करंगळी रोज तिलाच आपटायची."

"आणि तू मला म्हणायचीस, आई ते उचल ना तिथून."

डिझायनर म्हणाली, "चूक माझी आहे मावशी. मी पाय बघितलेच नाहीत."

"माझी पण आहे. माझा तर धंदाच तो."

पण प्रश्न नुसत्या कबुलीने सुटणारा नव्हता. लेकीने आराखड्यावर बोट ठेवले आणि तिचा चेहरा पडला. "ओटा चार इंच खाली घेतला तर खाली एकतीसच उरतात. खतपेटी तेहतीस आहे."

"मग?"

"मग ती बसणार नाही. आई, सगळ्या योजनेत सगळ्यात जास्त फरक पडणारी गोष्ट ती आहे."

"या पेटीची उंची तू फोन करून दोनदा विचारून घेतलीस," मावशी म्हणाल्या. "ती त्रास होतो म्हणून एकदाही म्हणाली नव्हती. मी अकरा आठवडे म्हणत होते. तुझं काम चांगलं आहे, पोरी. तुझा एकही नियम मला चुकीचा वाटला नाही. पण काही वाया घालवायचं नाही म्हणतेस, तर हा खांदा कुठल्या रकान्यात घालणार आहेस ते सांग."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. ते अपमानाचे नव्हते. हिशेब चुकला हे तिला त्या क्षणी कळले होते, आणि चुकीचा हिशेब तिला सहन होत नसे, हा आईकडून आलेला गुण. तिने मिस्त्रीकडे वळून विचारले, "दगड न फोडता खाली येईल?"

"न यायला काय झालं? दोन जॅक लावायचे, दगड उचलायचा, विटांचा एक थर काढायचा आणि परत बसवायचा. थर नेमका चार इंचांचा आहे. दुपारच्या जेवणाआधी होतं. असे पुष्कळ केलेत मी."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी मला बोलावलं कुठं?" मिस्त्री म्हणाला. "आज आलोय पहिल्यांदा."

काका मात्र अजून दगडाकडे पाहत होते. "पण बत्तीस म्हणजे मला वाकावं लागेल."

"किती वेळ?"

"चहाला... सात मिनिटं."

"मी सव्वातीन तास असते. ज्याच्या अंगावर कपडा जास्त वेळ राहणार त्याच्या मापानं तो बेतायचा."

"आणि समजा, मी स्वयंपाक करायला लागलो तर?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. मिस्त्रीने सुद्धा.

"लागा ना," मावशी म्हणाल्या. "वर्षभर करा. मीच मिस्त्रींना बोलावून ओटा वर घेते आणि ती फळी स्वतः वापरते. लिहून देऊ?"

काकांनी लिहून मागितले नाही.

खतपेटीसाठी घरात एकच जागा होती, बाहेरच्या सज्जात, काकांच्या वर्तमानपत्र वाचण्याच्या खुर्चीच्या उजव्या हाताला. डिझायनरने ती कागदावर तिथे काढली. काकांनी नाक मुरडले. लेक म्हणाली, नीट ठेवली तर वास येत नाही. मावशी म्हणाल्या, मग हरकतच नाही. सही झाली. 'मुख्य वापरकर्ती' हे शब्द मावशींनी खोडले नाहीत.

शेवटी लेकीने शीतकपाटाच्या दारावरच्या यादीत तळाशी लिहिले: क्रमांक एकशे पंधरा, फळी. मग ती रकान्यांशी अडली.

"'जाईल' लिही," काका म्हणाले.

"कचऱ्यात काही जायचं नाही, नियम आहे आपला," लेक म्हणाली आणि आईकडे पाहून चटकन जीभ चावली.

"नियम बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "ओटा उतरेपर्यंत मला लागेल. नंतर दुकानात नेईन. पँटची दुमड घेताना गिऱ्हाईक जमिनीवर उभं राहतं आणि मला गुडघ्यांवर बसावं लागतं. आता त्यांना वर चढू दे."

काम पुढच्या आठवड्यात झाले. दगडाला तडा गेला नाही. मावशींनी नव्या उंचीवर पहिल्यांदा कांदा चिरला तेव्हा काही खास वाटले नाही; नुसते खांदे खाली होते, एवढेच. फळी दुकानात गेली आणि तिसऱ्याच दिवशी तो कारकून तिच्यावर उभा राहिला, या वेळी बूट हातात घेऊन आलेला.

घरी त्याच सकाळी काका चहा करायला ओट्यापाशी गेले. पाठीत वाकत, पुटपुटत त्यांनी पातेले ठेवले, आणि त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे जाऊन हवेत फिरला. तोल गेला. त्यांनी ओटा धरला आणि स्वच्छ, रिकाम्या फरशीकडे बराच वेळ पाहिले.

"अगं," त्यांनी हाक मारली, "इथं काहीतरी होतं ना? काय होतं बरं?"

"यादीत बघा," मावशी आतून म्हणाल्या.